रंगाचे पाणी आणि लाकडाची बुरशी

पळसाची फुले उकळून काढलेला केशरी रंग एक-दोन धुण्यांत कापडावरून उतरतो आणि अंगणात सांडला तर थोड्याच दिवसांत मातीत मिळून जातो. बाजारातून आणलेल्या पुडीतल्या रंगाची गोष्ट निराळी. तो साबणाला दाद देत नाही, उन्हाला पुरून उरतो, आणि म्हणूनच आपण त्याला पक्का रंग म्हणून चार पैसे जास्त देतो. ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो, तोच गुण तो रंग नदीत गेल्यावर दोष ठरतो. जो कापडावर टिकतो तो पाण्यातही टिकतो. या टिकणाऱ्या रंगाला मोडण्याचे सामर्थ्य कुजक्या लाकडावरच्या एका जातीच्या बुरशीत आहे. ते सामर्थ्य किती, कशामुळे आणि त्याची मर्यादा कोठे, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वाटूरला हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. जालना-मंठा रस्त्याच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख कापसाचा आहे. येथला कापूस सरकी काढून, गाठी बांधून दूर जातो. त्याचे सूत, सुताचे कापड आणि कापडाला रंग ही पुढची कामे आजवर बहुतांशी इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी अशा गावी होत आली. आता कापूस पिकतो तेथेच कापड व्हावे, असा विचार बळावला आहे. २०२३ साली केंद्र सरकारने देशात सात मोठी वस्त्रोद्योग संकुले जाहीर केली, त्यांतले महाराष्ट्राचे संकुल अमरावतीला म्हणजे कापसाच्याच मुलखात दिले. काम येते तेव्हा रोजगार येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण रंगखान्यामागून रंगाचे पाणीही येते. कृष्णा-पंचगंगेला बारमाही म्हणण्याइतके तरी पाणी असते. आमच्या दुधनेसारख्या नद्यांत उन्हाळ्यात वाळू दिसते. तेथे घाण वाहून नेण्यास किंवा पातळ करण्यास पाणीच नाही. तेव्हा हा प्रश्न दारात येण्याआधी समजून घेतलेला बरा.

रंग पक्का कसा झाला

कापूस हा रंगवायला मोठा हट्टी. रेशीम आणि लोकर रंग चटकन धरतात, कापूस धरत नाही. म्हणून आपले रंगारी बारतोंडीच्या म्हणजे आलच्या मुळांनी किंवा मंजिष्ठाने कापड तांबडे करण्याआधी त्याला तुरटीचा हात देत असत. तुरटी धाग्याला धरते आणि रंग तुरटीला धरतो. हे काम वेळखाऊ आणि कसबाचे होते.

१८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून कोयनेल बनविण्याच्या खटपटीत होता. कोयनेल झाले नाही, जांभळा रंग हाती आला. कृत्रिम रंगांच्या धंद्याचा प्रारंभ येथून धरतात. १८५८ साली पीटर ग्रीस याने शोधलेल्या रासायनिक क्रियेतून पुढे अॅझो रंगांचे मोठे कुटुंब जन्मास आले. नत्राचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस कार्बनची कडी, अशी या रंगांची बांधणी असते. प्रकाशातला काही भाग शोषून बाकीचा परत पाठविण्याचे काम हीच बांधणी करते, आणि त्यालाच आपले डोळे रंग म्हणतात. १८८४ साली निघालेला काँगो रेड हा याच कुटुंबातला. तुरटीवाचून कापसावर चढणारा रंग म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले.

शेवटचे मोठे पाऊल १९५६ साली पडले. त्या वर्षी बाजारात आलेले रंग धाग्यावर नुसते बसत नाहीत, ते धाग्याशी रासायनिक बंधाने जखडले जातात. यांना प्रतिक्रियाशील किंवा व्यवहारात रिअॅक्टिव्ह रंग म्हणतात. आज आपल्या अंगावरचे रंगीत सुती कापड बहुधा याच रंगांत बुडून आलेले असते. परंतु यात एक गोम आहे. धाग्याशी बंध जुळावा म्हणून हौदात सोडा घालावा लागतो, आणि त्या क्षारयुक्त पाण्यात रंगाचे काही कण धाग्याऐवजी पाण्याशीच जोडले जातात. एकदा पाण्याशी जोडलेला कण पुन्हा कापडाला धरत नाही. तो धुऊन काढावाच लागतो. रंगाची जात आणि काम करण्याची रीत यांप्रमाणे घातलेल्या रंगापैकी शेकडा १० पासून ४० पर्यंत भाग असा वाया जाऊ शकतो.

पाण्यात काय जाते

एक किलो कापड धुऊन, विरंजून, रंगवून बाहेर पडेपर्यंत सर्वसाधारणपणे पन्नास ते दीडशे लिटर पाणी लागते. त्या पाण्यात उरलेला रंग, सोडा, भरपूर मीठ, खळ आणि साबण असतो. ते गरम असते आणि हाताला बुळबुळीत लागते. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम रंग असला तरी पुष्कळदा तो डोळ्यांना दिसतो. म्हणजे हजार लिटरांच्या टाकीत चिमूटभर, एक ग्रॅम रंग पडला तरी पाणी रंगीत दिसावयाचे.

रंगीत पाण्यात ऊन खोलवर जात नाही, त्यामुळे पाण्यातल्या शेवाळाचे अन्न घटते आणि माशांना लागणारा प्राणवायू कमी पडतो. याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. अॅझो रंगातला तो नत्राचा दुहेरी सांधा तुटला, की काही रंगांपासून अॅरोमॅटिक अमाइन या वर्गातली द्रव्ये सुटतात. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. पुढे त्याचे मूळ याच वर्गातल्या द्रव्यांत सापडले. म्हणूनच १९९० च्या दशकात आपल्या सरकारने बेन्झिडिनपासून बनणारे ४२ आणि दुसरे ७०, असे एकूण ११२ रंग वापरण्यास बंदी केली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण इचलकरंजीचे. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केला आणि पाहता पाहता ते गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून नावारूपास आले. मागांपाठोपाठ रंगाई आणि धुलाईची कामे आली, तेथल्या बोलीत त्यांना प्रोसेस म्हणतात. गाव पंचगंगेच्या काठी आहे. हीच नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. गावांचे सांडपाणी, साखर कारखाने आणि प्रोसेसचे पाणी या सर्वांच्या भाराखाली पंचगंगेची जी स्थिती झाली, तिच्याबद्दल न्यायालयापर्यंत गाऱ्हाणी गेली आहेत. ज्या धंद्याने गाव वाढविले त्याच धंद्याच्या पाण्याचे काय करावे, हा पेच त्या गावाने आपल्या आधी पाहिला आहे.

नेहमीच्या उपायांची मजल

सांडपाणी शुद्ध करण्याचा पहिला उपाय म्हणजे त्यात चुना, फेरस सल्फेट किंवा तुरटी घालून रंगाचा साका खाली बसविणे. पाणी स्वच्छ दिसते, पण रंग साक्यात जसाच्या तसा असतो. तो साका ठेवावयाचा कोठे, हा नवा प्रश्न उभा राहतो. दुसरा उपाय कोळशाच्या भुकटीत रंग शोषविण्याचा. तेथेही रंग नाहीसा होत नाही, जागा बदलतो. बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबून काढण्याचा तिसरा उपाय चांगला आहे, पण त्यास वीज आणि पैसा फार लागतो आणि रंग व मीठ यांचा घट्ट पाक मागे उरतो.

चौथा उपाय जंतूंचा. गावाच्या मैल्याचे पाणी ज्या हवा खेळविलेल्या टाक्यांत शुद्ध करतात, तेथले जंतू पुष्कळशा अॅझो रंगांना हात लावीत नाहीत. हवा बंद केली तर जंतू तो नत्राचा सांधा तोडतात व रंग जातो, पण मघाशी सांगितलेली अमाइने मागे राहतात. ती पुढे हवेच्या टाकीत दुसऱ्या जंतूंकडून मोडून घ्यावी लागतात. हा दुसरा टप्पा नीट झाला नाही, तर पाणी आधी रंगीत होते ते बिनरंगी झाले, एवढेच घडते. तेव्हा रंग जाणे आणि विष जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानातले दुसरे काही विसरले तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवावे.

लाकूड कुजविणारी बुरशी

आता बुरशीकडे वळू. पावसाळ्यात बाभळीच्या किंवा लिंबाच्या जुन्या खोडावर फळीसारख्या कडक छत्र्या उगवलेल्या आपण पाहतो. त्या बुरशीची नुसती फळे होत. खरी बुरशी सुतासारख्या तंतूंच्या रूपाने लाकडाच्या आत पसरलेली असते. अशा खोडाचा तुकडा मोडून पाहिला तर काही वेळा लाकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांनी फुटते, आणि काही वेळा पांढरे, मऊ, तंतुमय होते. या दुसऱ्या प्रकाराला पांढरी कूज म्हणतात. आपला संबंध या पांढऱ्या कुजीच्या बुरशीशी आहे.

लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक सेल्युलोज, म्हणजे कापूस ज्याचा बनतो तेच द्रव्य. दुसरे लिग्निन. सेल्युलोजचे तंतू विटांसारखे मानले, तर लिग्निन हा मधला चुना होय. झाडाला ताठपणा त्यानेच येतो. निसर्गातल्या अत्यंत चिवट द्रव्यांत त्याची गणना होते. त्याच्या रचनेत रंगांतल्यासारखीच कार्बनची कडी असतात, पण ती कोणत्याही ठरावीक क्रमाने जोडलेली नसतात.

सजीव प्राणी अन्न मोडतात ते विकरांच्या साहाय्याने. व्यवहारात यांना एन्झाइम म्हणतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतले विकर पिठाचे साखरेत रूपांतर करू लागते. हे विकर पिठाला किल्लीसारखे बसते, दुसऱ्या कुलपाला ते चालत नाही. लिग्निनमध्ये मात्र एकासारखे दुसरे कुलूपच नाही. तेथे किल्ली निरुपयोगी, पहारच पाहिजे. पांढऱ्या कुजीची बुरशी अशी पहार वापरते. तिची विकरे तंतूंच्या बाहेर येतात आणि समोरच्या द्रव्यातून इलेक्ट्रॉन खेचून घेतात. इलेक्ट्रॉन गेलेला कण अस्थिर होतो आणि त्याचे सांधे आपोआप तुटू लागतात. ही पहार समोर लिग्निन आहे की रंग, हे फारसे पाहत नाही. कार्बनची कडी दिसली की ती पडते. बुरशीने आधुनिक रंग कधी पाहिले नव्हते, तरी ती त्यांना मोडते याचे कारण हेच आहे.

या विकरांपैकी लॅकेज हे सर्वांत आधी माहीत झाले. १८८३ साली योशिदा या जपानी शास्त्रज्ञाने लाखेसारखा लेप देणाऱ्या झाडाच्या चिकात ते पाहिले. त्यात तांब्याचे चार अणू असतात आणि ते हवेतल्या प्राणवायूवर काम करते. शंभर वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेतल्या दोन संशोधकगटांनी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीतून लिग्निन पेरॉक्सिडेज हे अधिक जोरकस विकर शोधून काढले. त्याच्या गाभ्यात, आपल्या रक्ताच्या तांबड्या द्रव्यात असते तसे, लोह असते आणि त्यास काम करण्यास हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. तेही बुरशी स्वतःच तयार करते. त्याच वर्षी या बुरशीने काही रंग उतरविल्याचे दिसून आले. १९८५ साली तीच बुरशी डीडीटी मोडते असे प्रसिद्ध झाले, आणि १९९० साली काँगो रेडसह काही अॅझो रंग ती मोडते हेही दाखविण्यात आले. अॅझो सांधा हवेत, प्राणवायूच्या मार्गाने तोडल्यामुळे घातक अमाइने सुटण्याचा धोका या पद्धतीत बराच कमी राहतो. जंतूंच्या पद्धतीहून हिचा हा मुख्य विशेष.

कोल्हापूरचे प्रयोग

इचलकरंजीपासून जवळच, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक संजय गोविंदवार आणि त्यांचे सहकारी यांनी रंग मोडणारे जंतू, यीस्ट, बुरशी आणि वनस्पती यांवर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या काही प्रयोगांत वापरलेले वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून घेतलेले होते. अशा संग्रहात शेकडो वाण नंबर घालून जपून ठेवलेले असतात व संशोधकांना मिळू शकतात.

त्यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. त्यात पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या जातीचा एक वाण घेतला होता. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच होय. तिला मॅलाकाइट ग्रीन, कॉटन ब्लू, मेथिल व्हायोलेट आणि क्रिस्टल व्हायोलेट असे चार रंग दिले. चारही पाण्यांचा रंग उतरला. पण तपास केल्यावर असे आढळले, की कॉटन ब्लू आणि दोन्ही जांभळे रंग यीस्टच्या अंगावर नुसते चिकटून बसले होते. मोडला होता तो फक्त मॅलाकाइट ग्रीन. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात सात तासांत त्याचा शेकडा ८५ रंग गेला होता. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून काही लबाड व्यापारी जो रंग लावतात, तो हाच मॅलाकाइट ग्रीन. चारही बाटल्या शेजारी ठेवल्या असत्या तर डोळ्यांनी त्यांतला भेद ओळखता आला नसता. एका बाटलीत रंग संपला होता, तिघींत तो लपला होता.

मग भेद ओळखावा कसा? प्रयोगशाळेत द्रव्ये वेगळी करून पाहण्याची यंत्रे आहेत. परंतु या संशोधकांनी आणखी एक कसोटी लावली, ती कोणाही शेतकऱ्याला समजेल. मूळ रंगाच्या पाण्यात आणि शुद्ध केलेल्या पाण्यात ज्वारी, गहू यांसारखे बी भिजत घालावयाचे, किती दाणे उगवले ते मोजावयाचे आणि मुळाची व कोंबाची लांबी पाहावयाची. शुद्ध केलेल्या पाण्यातले बी साध्या पाण्यातल्यासारखे उगवले, तर विष बरेच उतरले असे मानण्यास आधार मिळतो. बी डोळ्यांसारखे फसत नाही.

अडचणी कोठे आहेत

इतके सामर्थ्य असूनही आज रंगखान्यांच्या मागे बुरशीच्या टाक्या सर्रास का दिसत नाहीत? कारणे पुष्कळ आहेत. बुरशीला किंचित आंबट पाणी मानवते, रंगखान्याचे पाणी सोड्याचे असते. त्यातले मीठ तिला सोसत नाही. रंग हे तिचे अन्न नव्हे. तिला साखर किंवा लाकूड वेगळे द्यावे लागते, आणि गंमत अशी की फॅनेरोकीट ही लिग्निन मोडणारी विकरे नत्राची उपासमार झाली तरच भरपूर सोडते. ती सावकाश वाढते, जंतू झपाट्याने वाढतात. उघड्या टाकीत साखर घातली तर बुरशीआधी जंतूच ती फस्त करतात. विकरांनी मोडलेले तुकडे कधीकधी पुन्हा एकमेकांना चिकटून तपकिरी द्रव्य बनते. शिवाय प्रयोगशाळेत लिटरभर पाण्यात एक रंग असतो. रंगखान्यात दिवसाला लाखो लिटर पाणी आणि आज तांबडा तर उद्या निळा.

यावर उपाय शोधले जात आहेत. बुरशी पाण्यात सुटी न सोडता भुसकटावर किंवा लाकडाच्या चिपांवर वाढवून त्यांतून पाणी झिरपविणे हा एक. आधी जंतू आणि मागून बुरशी अशी जोडी लावणे हा दुसरा. बुरशी वगळून नुसते विकर वापरणे हा तिसरा. हा शेवटचा उपाय कापडाच्या धंद्यात निराळ्या कामी रुळलासुद्धा आहे. जीन्सच्या कापडाचा निळा रंग फिका करण्यासाठी लॅकेज १९९० च्या दशकापासून वापरले जाते.

पऱ्हाटीचा उपयोग

येथे आमच्या मुलखाचा संबंध पुन्हा येतो. बुरशीला लागणारे लाकूड आपल्याकडे दरसाल शेतात उभे असते. कापूस वेचून झाल्यावर जी पऱ्हाटी उरते, ती लिग्निनने भरलेली असते. पुष्कळ ठिकाणी ती चुलीत जाते किंवा बांधावर जाळली जाते. धिंगरी अळंबी, जी भुसकटावर वाढवून बाजारात विकतात, ती पांढऱ्या कुजीच्याच वर्गातली आहे आणि तिच्याजवळ लॅकेज असते. पऱ्हाटीच्या तुकड्यांवर ती वाढते. पीक काढून झाल्यावर उरलेल्या भुसकटातही विकरे शिल्लक असतात व त्यांनी रंगाचे पाणी उतरविण्याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत झाले आहेत. मात्र एक इशारा दिला पाहिजे. रंगाचे पाणी दिलेल्या भुसकटावरची अळंबी खाण्यासाठी नव्हे. ते भुसकट खत म्हणून शेतातही टाकू नये. त्यात रंग मोडला आहे की नुसता लपला आहे, याची परीक्षा आधी झाली पाहिजे.

कापसाच्या बोंडाला दिलेला रंग त्याच झाडाच्या काडीवर वाढणाऱ्या बुरशीने उतरवावा, ही कल्पना मनाला पटते. पण कल्पना पटली म्हणून काम झाले असे नाही. बुरशी ही रंगखान्याच्या मालकाची जबाबदारी उचलणारी दासी नव्हे. कमी रंग वाया जाईल अशी रीत, मीठ वेगळे काढण्याची सोय आणि साका ठेवण्याची सुरक्षित जागा या गोष्टी आधी लागतात. त्यानंतर बुरशीची मदत खरी मदत ठरते.

उद्या या भागात रंगाईचे काम सुरू होण्याचे बोलणे निघाले, तर त्यास आंधळेपणाने विरोध करू नये आणि आंधळेपणाने मान्यताही देऊ नये. शुद्ध केलेल्या पाण्याची बाटली कोणी उजेडात धरून दाखविली आणि पाहा, कसे नितळ आहे, असे म्हटले, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. यातला रंग मोडला की कोठे लपविला? लपविला असेल तर तो साका कोठे आहे? आणि या पाण्यात आमची ज्वारी उगवते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी आणि मोजमापासह मिळतील, तेव्हा त्या नितळपणावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.